‘बलुतं’ आमच्या ओसरीवर

दया पवारांचं ‘बलुतं’ ग्रंथालीनं १९७८ साली काढलं. आमच्या घरात ते आलं त्यानंतर सहा-सात वर्षांनी, मी संगमनेरला कॉलेजात असताना. कव्हर निसटलेली लायब्ररीची प्रत. लेखक आमच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचा, एवढ्या कौतुकापोटी मी ते सुट्टीत घरी नेलं. आपल्याकडच्या माणसानं लिहिलंय म्हणजे आपल्याबद्दल बरंच लिहिलं असणार, असा माझा भाबडा हिशेब.

रात्री जेवणं झाली की ओसरीवर अण्णांना वाचून दाखवायचो. पहिले दोन दिवस ते हुंकार देत होते. तिसऱ्या रात्री हुंकार थांबला. ‘‘आपल्या खळ्यावरनं कधी कुणी रितं गेलं नाय,’’ एवढं म्हणून ते उठले. आतून आजी बोलली, ‘‘आरं, रितं नाय गेलं, पर उंबऱ्याच्या आत तरी कवा आलं?’’

अण्णांचं ते वाक्य पुढं मी कितीतरी जमीनवाल्या वाचकांच्या तोंडून ऐकलं. पुस्तक हातात आलं की जो तो आधी त्यात आपलं घर शोधतो, आणि सापडायच्या आतच स्वतःला सोडवून घेतो. पण उत्तर पुस्तकाच्या नावातच आहे. सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, गावाची पडेल ती कामं करायची, त्याचा वर्षाचा मोबदला म्हणजे बलुतं. तो मोजायचा मात्र देणाऱ्याच्या हातानं. ‘आम्ही दिलं’ म्हणताना आपण मजुरी दानाच्या खात्यावर टाकतो. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं, हे ‘दिलं’ काही गेलं नाही.

शहरातले वाचक ‘असंही असतं?’ म्हणून हादरले. त्यांचं हादरणं खोटं नव्हतं. पण आम्हाला यात नवी माहिती कुठली? सगळं अंगणातच घडलेलं. आम्हाला बोचलं ते वेगळंच. आपण सुपानं धान्य ओतत होतो तेव्हा समोर उभं असलेलं पोरगं आपल्याकडं बघत होतं, आणि ते त्याच्या ध्यानात राहिलं.

माझा एक वर्गमित्र त्याच वस्तीतला. मला वाटलं, त्याला पुस्तक आवडेल. तो भडकलाच. ‘‘आमच्या आयाबायांचं दुःख चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती? वाचून तुम्ही चघळणार.’’ मला बोलता आलं नाही. त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. पुढं पारावर मुंबईतल्या कावाखान्याचे प्रसंग तेवढे चवीनं सांगणारी माणसं मी पाहिली.

तरी मी त्याच्याशी सहमत नाही. हा आक्षेप लेखकाला ठाऊक होता. दगडू मारुती पवार आणि दया पवार या दोघांना त्यानं समोरासमोर बसवलंय ते उगाच नाही. सांगावं की झाकावं, हे भांडण पुस्तकाच्या पोटातच आहे. आणि तो स्वतःलाही सोडत नाही. बायकोवर घेतलेला संशय, त्यापायी मोडलेला संसार, हे त्यानं लपवलेलं नाही. ती पानं मी अण्णांपुढं वाचली नव्हती, लाजून उलटली होती. आज वाटतं, ऐकवायला हवी होती ती हीच. नुसती गाऱ्हाणी असती, तर आम्ही त्याला तक्रारदार ठरवून मोकळे झालो असतो. स्वतःची चूक इतक्या उघडपणे सांगणाऱ्याचं दुसऱ्याबद्दलचं म्हणणं खोटं कसं पाडायचं?

उणं काढायचं तर, मुंबईच्या भागात माणसं इतकी भराभर येतात-जातात की एखाद्यापाशी थांबावंसं वाटतं तोवर तो निघून गेलेला असतो.

प्रत परत दिल्यावर बऱ्याच महिन्यांनी, बाजरी काढायच्या दिवसांत, अण्णांनी बांधावर एकदम विचारलं, ‘‘त्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव हाये का रं?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं.’’ मग विळा घासत पुन्हा म्हणाले, ‘‘त्याला ठावं आसंल पण.’’