पेन्शनीतला हेर

मंडळी, आज जॉन ल कारे यांच्या 'स्मायलीज पीपल'बद्दल बोलायचं आहे. कादंबरी १९७९ ची. १९८२ मध्ये बीबीसीने तिची मालिका केली, त्यात ॲलेक गिनेस स्मायली झाला होता. कोणी नुसती मालिकाच पाहिली असेल तरी चालेल.

आपण रहस्यकथा वाचायला शिकलो ते बाबूराव अर्नाळकरांकडून. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्यांनी! पण त्यांचा झुंजार घ्या किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप घ्या, यांचं वय कधी वाढत नाही. त्यांना पेन्शनच्या फाईलसाठी खेटे घालावे लागत नाहीत. जॉर्ज स्मायली मात्र निवृत्त आहे, जाडसर आहे, बायको सोडून गेलेली. एका रात्री त्याला बोलावणं येतं. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर जनरल व्लादिमिर हा म्हातारा गोळी घालून मारला गेलाय. मूळचा एस्टोनियाचा, सोव्हिएत सैन्यात असताना इंग्रजांसाठी काम केलेला. स्मायलीनेच त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं होतं.

आता गंमत बघा. स्मायलीला तपासासाठी बोलावलेलं नाहीच! लेकन नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला प्रकरण मिटवायचं आहे. हा म्हातारा आता आपला कोणी नव्हता, एवढं स्मायलीने म्हणावं, म्हणजे फाईल बंद. आपल्या वऱ्हाडात कोणी म्हटलं असतं, "कायले त्या भानगडीत पडता बाप्पा, पेन्शन घ्या अन् गप बसा." पण मरण्याआधी व्लादिमिरने ऑफिसला फोन केला होता. 'मॅक्स'ला भेटायचं आहे, पुरावे आहेत, म्हणाला. मॅक्स म्हणजे स्मायली. फोन घेतला एका नवख्या पोराने, आणि वरच्यांनी तो मनावर घेतला नाही. ज्याने आपल्या भरवशावर जीव धोक्यात घातला, त्याने हाक मारली आणि आपल्या खात्याने फोन ठेवून दिला. आमच्या मते कादंबरीचा सगळा जोर या एका फोनमध्ये आहे. झाडाच्या बेचक्यात सापडलेलं सिगारेटचं पाकीट, पॅरिस, हॅम्बुर्ग, बर्न, हा सगळा प्रवास त्या फोनचं देणं फेडण्यासाठी चाललाय.

आपल्याकडे असा नायक का झाला नाही? बहिर्जी नाईक सोडले तर हेर हा आपल्या बाजूचा माणूस नव्हताच. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचंच पाहा ना. टिळकांचे सोबती, त्यामुळे गुप्त पोलिसांची नजर त्यांच्यावर. त्यांच्या रोजनिश्या वाचताना आपण पाळतीखालच्या माणसाच्या बाजूने वाचतो. खेड्यात आजही एखाद्याला 'सीआयडी' म्हटलं तर ती शिवीच असते. ज्याच्यावर पाळत होती त्याच्या घरातून पाहिलं, की पाळत ठेवणाऱ्याच्या म्हातारपणाबद्दल कोणाला कळवळा येणार?

ल कारे स्वतः त्या नोकरीत होते, म्हणून ते आतून लिहितात. आणि स्मायलीला सोडतही नाहीत. त्याचा शत्रू कार्ला हा मॉस्कोचा हेरप्रमुख. त्याने आपली आजारी मुलगी स्वित्झर्लंडमध्ये लपवून ठेवलीय. स्मायली तिच्यावरच बोट ठेवतो. बापाची माया हाच गळफास! इतकी वर्षं कार्ला जे करत आला, तेच आता स्मायली करतो. बर्लिनच्या पुलावर कार्ला शरण येतो आणि एक लायटर जमिनीवर टाकतो. लायटर ॲनचा, म्हणजे स्मायलीच्याच बायकोचा. स्मायली तो उचलत नाही.

इथे आमची तक्रार आहे. व्लादिमिर कुठे गेला? अर्ध्यानंतर तो मागे पडतो आणि पुस्तक दोन हेरप्रमुखांच्या कुस्तीचं होऊन बसतं. ज्याच्यासाठी निघालो त्याचीच आठवण शेवटी पुसट होते. लेकनला तरी दुसरं काय हवं होतं?

ज्यांना हे पुस्तक जड वाटेल त्यांनी १९६१ चं 'कॉल फॉर द डेड' आधी घ्यावं. छोटं आहे, आणि तिथेही खातं एका मृत्यूवर आत्महत्येचा शिक्का मारून मोकळं होतं, स्मायली राजीनामा देऊन शोध घेतो. पुढच्या व्याख्यानात आपण तेच वाचू.