योहानाच्या शुभवर्तमानातील पाय : प्रतीकाची अस्थिरता

ख्रिस्ती धर्मग्रंथातील पाय हे नम्रतेचे प्रतीक मानून अर्थनिर्णयन थांबवणे सोयीचे असले, तरी योहानाची संहिता ही सोय नाकारते. मार्क व मत्तय यांच्या कथनात बेथानीतील स्त्री येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते. मस्तकाचा अभिषेक हा राजपदाचा संकेत होय. योहान (अध्याय १२) मात्र मरीयेला येशूच्या पायांशी आणतो. ती त्यांना तेल लावून केसांनी पुसते. पुढच्याच अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुऊन रुमालाने पुसतो. या 'पुसण्या'साठी मूळ ग्रीक संहितेत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. म्हणजे गुरूची कृती मरीयेच्या कृतीची पुनरुक्ती ठरते आणि सेवेची उतरंड उलटते. पेत्राचा विरोध या उलथापालथीलाच आहे.

तथापि प्रतीक येथेही स्थिरावत नाही. ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदाही आहे; आणि त्याच्या विश्वासघातासाठी ४१व्या स्तोत्रातून येथे घेतलेली प्रतिमा उगारलेल्या टाचेची आहे. धुतलेला पायच लाथेसाठी उचलला जातो. म्हणून योहानाच्या संहितेत पाय हे एखाद्या गुणाचे नव्हे, तर नात्यातील जोखमीचे प्रतीक ठरतात. केवळ नम्रतेचे वाचन नेमकी हीच जोखीम दृष्टीआड करते.