आधाराची मोजपट्टी कुणाच्या हातात?

तुरुंगातल्या बाईला आधार किती, हे मोजायची एक पट्टी विद्यापीठवाल्यांनी काढलीय. मी ती कवितेसारखी वाचली, ओळ न् ओळ. म्हणून ही समीक्षा. समीक्षा फक्त कथा-कवितेचीच करायची, असा काही कायदा नाही.

पट्टी १९८८ सालची. झिमेट आणि त्याच्या सहकाऱ्यांची. एकूण १२ विधानं. कुटुंब, मित्र आणि एक खास माणूस, असे तीन कप्पे. प्रत्येक विधानापुढे १ ते ७ मधला आकडा लावायचा. पहिल्यांदा ती तपासली अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकणाऱ्या पोरापोरींवर. पुढं ती तुरुंगातल्या बायकांपर्यंत पोचली. तिचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती खुद्द बाईलाच विचारते.

पण विचारते काय? अडचणीत कुणी जवळ असतं का, घरचे मदत करू बघतात का. आता समजा, एका कच्च्या कैदी बाईची म्हातारी आई रोज बुडवून, एस्टीचं भाडं उसनं काढून मुलाखतीला येते. जाळीपलीकडून दोन शब्द बोलते नि परत जाते. बाईनं कुठला आकडा लावायचा? तिचं मन म्हणेल ७. कोर्ट म्हणेल शून्य.

कारण कोर्टाची पट्टी वेगळी. तिचं नाव जामीनदार. सातबारा दाखव, पगाराची पावती दाखव, रेशनकार्ड दाखव. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडं १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला तर नाकारला. का? तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. १९७८ साली सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांनी हे खोडून काढलं. मोतीराम पुरुष होता, हाताला कसब होतं. जिच्या बापाच्या नावावर वीतभर जमीन नाही, तिच्यासाठी कोण उभा राहणार? जमीन का नाही, हे मनूला विचारा. पट्टीत जातीचा कप्पाच नाही.

आकडा कमी आला की शिक्का बसतो, हिला आधार कमी. म्हणजे उणेपण बाईचं. मी साचेखात्यात राबतो. कापडात खोट निघाली की दंड साचेवाल्याला. सूत कसलं दिलं होतं, ते कुणी मोजत नाही. तसंच हे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ बायका होत्या. दीड हजारावर जणींजवळ पोरं होती. पोर ६ वर्षांचं झालं की आईजवळून काढतात. हे तोडणं कुठल्या विधानात बसतं?

आणि जो आधार बायका आपसात उभा करतात, त्याचं काय? जून २०१७, भायखळ्याचा महिला तुरुंग. अंडी-पाव कमी भरले म्हणून तक्रार केलेली एक पक्की कैदी बाई मेली. मारहाणीच्या आरोपाखाली ६ कर्मचाऱ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी बराकीतल्या बायका छतावर चढल्या, ओरडून जगाला सांगितलं. पोलिसांनी सुमारे २०० जणींवर दंगलीचा गुन्हा लावला. पट्टी त्याला फार तर मैत्रीच्या कप्प्यात ढकलेल. सरकारी दप्तरात त्याचं नाव दंगल.

मित्रांनो, मोजायचंच तर आपण मोजू. मुलाखतीला यायला भाडं किती पडलं? रोज किती बुडाला? कुठला जामीनदार परत पाठवला, कुठल्या कारणानं? पोरं कुणाच्या दारात आहेत? वकील एकदा तरी भेटला का? १९८७च्या कायद्यानं बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही फुकट वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. हे तिला कुणी सांगितलं का? आपापल्या वस्तीतून आत गेलेल्या बायकांची यादी करा. पुढच्या बैठकीला ती घेऊन या.

जयभीम.