परमुलखातले अतिमानव

जालना जिल्ह्याचा परिचय करून देताना बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीच्या बागा आणि लोखंडी सळयांचे कारखाने यांची नावे घेण्याची रूढी पडली असली, आणि 1981 साली औरंगाबादपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराकडे पाहता ती रूढी यथार्थही असली, तरी मराठी मुलांच्या कल्पनासृष्टीचा जमाखर्च जो कोणी मांडू जाईल त्याला या मुलखाच्या नावावर एक निराळीच रक्कम जमा धरावी लागेल. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी 1608 साली ठोसरांच्या घरात जो नारायण जन्मला, आणि बोहल्यावर 'सावधान' हा उच्चार कानी पडताच लग्नमंडपातून पळाला अशी ज्याची आख्यायिका आहे, त्याने पुढे समर्थ रामदास या नात्याने रचलेले भीमरूपी स्तोत्र मराठी घरांतील मुले पिढ्यानुपिढ्या दिवेलागणीला म्हणत आली आहेत. आणि भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ साहित्यकृती म्हणून ते वाचले, तर अतिमानवी नायकाचे इतके नेमके व्यक्तिचित्र मराठीत दुसरे सापडणे कठीण. वस्त्र, अलंकार, शेपटीची ठेवण, भुवयांचा ताण, उड्डाणाचा वेग, लहानमोठे होण्याची सिद्धी, अशी चित्रकाराला लागणारी सारी सामग्री त्यात सिद्ध आहे. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, रामदासांचा मारुती अंगाने सुटसुटीत आणि चपळ आहे. दंडावर स्नायूंचे गोळे चढवलेला, छाती फुगवून उभा राहिलेला जो मारुती हल्ली मोटारींच्या काचांवर आणि उत्सवांच्या फलकांवर दिसतो, त्याची शरीरयष्टी जांबहून आलेली नसून अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या कचेऱ्यांतून आलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढी पूर्वपीठिका पाठीशी असलेल्या भाषेत, ज्याचे नाव खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या सहज ओठी यावे असा एकही लौकिक अतिमानव चित्रकथेतून जन्मास येऊ नये, याचे नवल वाटते. वाचक नव्हते असे म्हणावे, तर 1964 साली टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून निघत होती, आणि एकेक अंक दहा-बारा हातांतून फिरून कव्हर फाटेपर्यंत वाचला जात होता. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला फँटम त्यातून वेताळ या नावाने मराठी मुलांचा झाला. त्याच्या कथा आज पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या वेताळाजवळ अलौकिक अशी कोणतीच शक्ती नाही. तो उडत नाही, त्याच्या डोळ्यांतून ज्वाळा निघत नाहीत, गोळी लागली तर त्याला जखम होते. बापामागून मुलगा तोच वेष चढवतो, म्हणून जंगलातील लोक त्याला अमर समजतात, आणि त्याचे अर्धेअधिक काम हा समजच करून टाकतो. शत्रूच्या जबड्यावर उमटणारी कवटीची मुद्रा, गुहेतील पूर्वजांची दफ्तरे, चारशे वर्षांची वंशपरंपरा, हा सारा एका दराऱ्याचा कारभार आहे, आणि दरारा कसा उभा राहतो व कसा राखावा लागतो हे लेखकाने अंकामागून अंक तपशिलाने दाखवले आहे. भारतीय आवृत्तीच्या संपादकांनीही आपल्याकडून थोडी डोळसपणाची कारागिरी केली. मूळ कथेतल्या 'सिंग' चाच्यांचे त्यांनी 'सिंगा' केले आणि बंगाल्ला हा देश डेंकाली झाला, जेणेकरून येथील वाचकाचा विनाकारण अवमान होऊ नये. याच मालेत 1976 साली आबिद सुरती यांनी बहादूर आणला. डाकूचा हा मुलगा बापाच्या सुडाची भाषा टाकून गावकऱ्यांचे नागरी सुरक्षा दल उभारतो. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स हा त्याचा वेष त्या काळी मुलांना विलक्षण आपलासा वाटे. परंतु 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडले आणि रिकाम्या झालेल्या त्या गादीवर मराठीने आपला वारस बसवला नाही.

चित्रकार नव्हते, ही सबब तर अजिबात टिकणारी नाही. अमर चित्र कथेच्या मालेत कृष्ण रंगवणारे राम वाईरकर मराठी होते. त्याच मालेतील शिवाजीसह कितीतरी पुस्तके रंगवणारे प्रताप मुळीक पुण्याचे. आणि दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 साली रक्तात सूक्ष्म सर्प वागवणारा नागराज जेव्हा बाजारात आणला, तेव्हा त्या हिंदी अतिमानवाला रूप देण्यासाठी त्यांना याच मुळीकांचा हात लागला. म्हणजे कुंचला आमचा, देह आमच्या हातून घडलेला, आणि भाषा मात्र परकी नव्हे तरी शेजारची. मुंबईच्या गल्ल्यांतून कुत्र्याचा मुखवटा चढवून हिंडणारा डोगासुद्धा हिंदीतच बोलतो. मराठवाड्यातील मुलाला हिंदीची अडचण कधी फारशी वाटली नाही. 1948 पर्यंत निजामाचा अंमल, शाळेत आणि कचेरीत उर्दू, आणि बाजारात दखनी ऐकत वाढलेल्या या प्रदेशात अमीर हमजाच्या दास्तानातील अमर अय्यार आणि त्याची अखिल विश्व मावणारी जंबील नावाची झोळी ही काही अगदी अनोळखी मंडळी नव्हती. त्यामुळे नागराज येथे सुखेनैव रुळला, आणि मराठी प्रकाशकाला उणीव भासण्याचे कारणच उरले नाही.

उणीव होती ती लेखनाची, आणि तिचे मूळ मराठी बालसाहित्याच्या स्वभावात शोधावे लागते. 1935 सालच्या 'श्यामची आई'पासून आमच्या बालवाङ्मयाने साध्या मुलाचा पक्ष घेतला, आणि तो अतिशय उत्तम रीतीने चालवला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीहून पुण्यास आलेला बनेश ऊर्फ फास्टर फेणे, आणि 1991 पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी चालवलेला चिंटू, या सर्वांचे सामर्थ्य त्यांच्या सामान्यपणात आहे. फेणेजवळ सायकल आणि धिटाई याखेरीज दुसरे भांडवल नाही, आणि चिंटूचा पराक्रम बहुधा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे जात नाही. अद्‌भुताची हौस मुलांना नव्हती असे नाही. ती 'चांदोबा'तून विक्रम-वेताळाने भागवली. अचाट सामर्थ्य हे देवाचे किंवा इतिहासपुरुषाचे, आणि ज्याची पूजा करावयाची त्याच्याविषयी खेळकरपणे लिहावयाचे नाही, असा एक अलिखित दंडक मात्र आमच्याकडे पडून गेला. अमेरिकेत 1954 साली पालकांच्या ओरड्यामुळे कॉमिक्सच्या धंद्याने स्वतःवर नियमावली लादून घेतली. आमच्याकडे तसे फर्मान काढण्याची वेळच आली नाही, कारण 'संस्कार' या एका शब्दाने ते काम आधीच केले होते. मुखवट्याआडचा न्यायदाता मराठीत आला तो मोठ्यांच्या रहस्यकथेत. बाबूराव अर्नाळकरांच्या काळ्या पहाडाची पुस्तके मुले उशीखाली लपवून वाचत, आणि हे लपवणेच त्या प्रकाराचा साहित्यिक दर्जा ठरवून गेले. समीक्षकांनी त्याकडे पाहिले नाही, लेखकांनी त्यातून काही शिकण्याची तोशीस घेतली नाही.

शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अतिमानवाची कथा लिहिताना लेखकाची कसोटी सामर्थ्य देण्यात लागत नाही. ते एका ओळीत देता येते. त्या सामर्थ्याची हद्द कोठे, त्याचे मोल कोण चुकवतो, आणि ज्या अडचणीला ते लागू पडत नाही ती अडचण कोणती, हे ठरवण्यात खरा कस आहे. 1938 चा सुपरमॅन पुढे इतका बलाढ्य झाला की त्याला रोखण्यासाठी लेखकांना हिरव्या दगडाची तजवीज करावी लागली. 1962 मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला तेव्हा त्यांनी हद्द बाहेरच्या दगडात न ठेवता मुलाच्या घरात ठेवली: थकलेली काकू, पैशाची चणचण, एका चुकीपायी गेलेला काका. हैदराबादेत तयार होणारा आणि आमची मुले घरोघर पाहतात तो छोटा भीम लाडू खाल्ल्यावर बलवान होतो. ही हद्द फराळाच्या डब्यापुरतीच असल्याने कथाही तेवढ्याच उंचीची राहते. आणि आमच्याजवळ या सर्वांहून सूक्ष्म अशी एक युक्ती पूर्वापार पडून आहे. ऋषींच्या शापाने मारुतीला स्वतःच्या बळाचे विस्मरण होते, आणि समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून दिल्याखेरीज ते जागे होत नाही. आपल्या अंगातील बळ दुसऱ्या कोणीतरी सांगितल्याशिवाय आपल्याला कळत नाही, हा तर दहा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा अनुभव आहे. मग हे बीज कीर्तनकारांच्या हवाली करून आमचे कथालेखक स्वस्थ का बसले, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

बाहेरच्यांनी आमच्यासाठी जे घडवले त्याचाही एक नमुना पाहावा. 2004 साली स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली. शरद देवराजन आणि सुरेश सीताराम यांच्या लेखणीतून आणि जीवन कांग यांच्या चित्रांतून उतरलेल्या त्या नायकाचे नाव पवित्र प्रभाकर, म्हणजे कानाला तरी थेट मराठी. धोतर नेसलेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत येतो, आणि त्याला कोळ्याची शक्ती देतो तो एक योगी. चित्रे डौलदार आहेत, परंतु हा पवित्र ज्या खेड्यातून आला ते कोणत्या तालुक्यात, तेथे पाणी कोठून येते, त्याचा काका शेती करतो की मजुरी, याची दाद लागत नाही. खेडे हे केवळ मुंबईपूर्वीचे काहीतरी. आणि त्याच्या जागी धोतर, योगी व राक्षस अशी तीन बाहुली उभी केली म्हणजे भारत झाला, असा त्यामागे हिशेब दिसतो.

संवादांच्या फुग्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण चित्रकथेची भाषा तेथेच घडते किंवा बिघडते. इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी मजकूर बसवताना वर मात्रा-वेलांट्या-रफारांना आणि खाली उकारांना जागा द्यावी लागते, चार ओळींच्या जागेत तीनच मावतात, आणि मग अनुवादक क्रियापदे छाटत जातो. अशा छाटलेल्या, कोणत्याही गावात न बोलल्या जाणाऱ्या मराठीत कित्येक वर्षे आमचे अतिमानव बोलले. मूळ मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचण नाही. तो फुगा वाक्याच्या मापाने काढवून घेऊ शकतो, आणि भोकरदनच्या किंवा परतूरच्या मुलाच्या तोंडी त्याची स्वतःची बोली घालू शकतो. तरीही पुण्याच्या पुस्तकी भाषेचा मोह आमच्या लेखकांना सुटत नाही. मंठ्याच्या शाळेतला पोरगा कॉमिक्समध्ये आला की तो एकाएकी सदाशिव पेठेतल्यासारखे बोलू लागतो.

आज परिस्थिती निराशाजनक आहे असे मी म्हणणार नाही. रंगीत छपाई पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही, बालभारतीने 1971 साली सुरू केलेले 'किशोर' अद्याप निघते, आणि 2015 सालच्या 'बाजी' या चित्रपटाने मुखवटाधारी नायक मराठी पडद्यावर आणण्याचे धाडस केले आहे. अडले आहे ते विषयाच्या निवडीत. बालसाहित्याचे दिवाळी अंक बाजारात येतात त्याच सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे भांडीकुंडी बांधून ऊसतोडीला निघतात; नवराबायकोचे मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि मागे आजीजवळ किंवा बरोबर फडावर गेलेले मूल. अशा एका मुलीच्या मनगटात मारुतीचे बळ आले असे धरून चालू. ती एका रात्रीत सारा फड तोडून मोळ्या बांधील, यात चित्रकाराला दोन भव्य पाने मिळतील. पण सकाळी मुकादम उचलीचा हिशेब कोणत्या भावाने धरील, तोड लवकर संपल्याने उरलेल्या महिन्यांची मजुरी कोण देईल, शेजारच्या कोप्यांतली माणसे तिच्यावर खूश होतील की संतापतील, आणि पुढल्या वर्षी मुकादमाने एकट्या तिलाच बोलावले तर तिच्या आईने काय करावे, हे प्रश्न तिसऱ्या पानावर उभे राहतात, आणि अतिमानवाची कथा लिहावयाची म्हणजे ते तिसरे पान लिहावयाचे.