नोटेवरचे प्राणी आणि माणसांचे वाद

चलनी नोट हा कोणत्याही देशातला सर्वाधिक हाताळला जाणारा मजकूर असतो. राज्यघटना फार थोडे लोक वाचतात. नोट मात्र अक्षरओळख नसलेला माणूसही वाचतो. रंगावरून, आकारावरून, चित्रावरून. म्हणून त्या चित्रात कोणाला जागा मिळाली आणि कोणाची गेली, हे एखाद्या ग्रंथाइतक्याच बारकाईने पाहायला हवे.

अनेक देशांच्या नोटांवर तिथले वन्यप्राणी दिसतात. त्याची दोन कारणे नेहमी दिली जातात. पहिले, निसर्गसंपदेचा अभिमान. दुसरे तांत्रिक, म्हणजे आयाळीच्या वा पिसांच्या सूक्ष्म रेषांची नक्कल करणे अवघड असते. दोन्ही खरी आहेत, पण अपुरी आहेत. प्राणी त्या देशात हजारो वर्षे होतेच आणि कोरीवकामाची कलाही जुनीच. मग ते नेमक्या एखाद्या वर्षीच नोटेवर का येतात? तारखा एकापुढे एक मांडल्या की एक सूत्र हाती लागते. कोणत्या माणसाचा चेहरा छापावा याबद्दल देशात एकमत होत नाही, किंवा जुना चेहरा नकोसा होतो, तेव्हा प्राण्याला बोलावणे जाते.

बेलारूसचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि हा देश स्वतंत्र झाला. सोव्हिएत नोटांवर लेनिन होता. तो तर ठेवता येत नव्हता, आणि त्याच्या जागी बसवावा असा सर्वमान्य पुरुषही नव्हता. १९९२ च्या पहिल्या नोटांवर आले ते खार, ससा, बीव्हर, लांडगा, अस्वल आणि शंभराच्या नोटेवर बायसन. एक रूबलवरच्या सशामुळे लोकांनी चलनालाच ‘झायचिक’, म्हणजे ससुला, म्हणायला सुरुवात केली. महागाई भडकली तसा हा ससुला थट्टेचा विषय झाला. पुढे राज्यसत्ता स्थिरावली आणि प्राण्यांच्या जागी इमारती आल्या. प्राण्यांनी तोवर जागा धरून ठेवली होती, एवढेच त्यांचे काम.

दक्षिण आफ्रिकेत हेच अधिक गंभीरपणे घडले. तिथल्या नोटांवर पूर्वी यान फान रीबेक या डच वसाहतीच्या संस्थापकाचे म्हणून एक चित्र असे. ते चित्र मुळात दुसऱ्याच गृहस्थाचे असल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवले, हा भाग वेगळा. १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले, वाटाघाटी सुरू झाल्या, आणि १९९२ पासून नव्या नोटा आल्या. दहा रँडवर गेंडा, वीसवर हत्ती, पन्नासवर सिंह, पुढे शंभरावर रानम्हैस आणि दोनशेवर बिबळ्या. गोऱ्यांना मंडेला आणि काळ्यांना फान रीबेक मान्य होणे शक्य नव्हते, त्या काळात गेंडा दोघांनाही चालला. २०१२ साली सर्व नोटांच्या दर्शनी बाजूवर मंडेलांचा चेहरा आला आणि प्राणी मागच्या बाजूला गेले. माणसाबद्दल एकमत व्हायला वीस वर्षे लागली.

केनियाने तर हे सूत्र कायद्यातच लिहिले. तिथे आधी जोमो केन्याटांचा, मग डॅनियल अराप मोई यांचा चेहरा पैशांवर येत राहिला. राष्ट्राध्यक्ष आणि देश यांतला फरक नोटेवर दिसेनासा झाला. २०१० च्या राज्यघटनेने नोटांवर आणि नाण्यांवर कोणाही व्यक्तीची छबी नको असे ठरवले. त्यानंतर २०१८ मध्ये निघालेल्या नाण्यांवर जिराफ, गेंडा, सिंह आणि हत्ती आले. २०१९ च्या नोटांवरही प्राणी आहेत. पण दर्शनी बाजूच्या सभागृहाच्या चित्रात केन्याटांचा पुतळा दिसतो म्हणून वाद न्यायालयात गेला. चेहऱ्याची भीती किती खोल असते ते यावरून कळावे.

युरोपाचे उदाहरण ताजे आहे. २००२ पासून चलनात असलेल्या युरोच्या नोटांवर पूल आणि कमानी आहेत. कोणत्याही एका देशाच्या वाटू नयेत म्हणून काल्पनिक. नव्या नोटांसाठी युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०२३ च्या अखेरीस दोन विषय निवडले. पहिला युरोपीय संस्कृतीचा. त्यात बेटहोव्हेन, मारी क्युरी, सर्व्हान्टेस यांसारखे चेहरे सुचवले गेले. दुसरा नद्या आणि पक्ष्यांचा. त्यात खंड्या, वेडा राघू, पांढरा करकोचा. बेटहोव्हेनला जन्मगाव आहे, सर्व्हान्टेसला भाषा आहे. करकोच्याला पारपत्र लागत नाही.

या सूत्राला छेद देणारा देशही आहे. न्यूझीलंडच्या नोटांवर माणूस आणि पक्षी एकत्र नांदतात. पन्नास डॉलरवर एका बाजूला माओरी नेते आपिराना न्गाटा आणि दुसऱ्या बाजूला कोकाको पक्षी आहे. इथे पक्षी माणसाची जागा अडवत नाही, वेगळेच काम करतो. बाहेरून येऊन वसलेल्यांच्या राष्ट्राला तो ‘आम्ही इथलेच’ असे म्हणण्याची सोय देतो.

म्हणजे प्राणी नोटेवर येतो तो मुका असल्यामुळे. त्याला धर्म नाही, भाषा नाही, पक्ष नाही. पण माझा आक्षेप याच निरुपद्रवीपणावर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नोटांवरच्या प्राण्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. ही यादी जीवशास्त्राची नाही, शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करायला सर्वांत धोकादायक ते हे पाच. क्रूगर राष्ट्रीय उद्यानासाठी माकुलेके लोकांना १९६९ मध्ये त्यांच्या जमिनीवरून हलवले गेले. ती जमीन त्यांना १९९८ मध्ये परत मिळाली. अशा इतिहासाच्या प्रदेशात हत्तीचे चित्र सर्वांना सारखे दिसत असेल असे मानता येत नाही. आणि ज्या देशाच्या दहा रँडवर गेंडा आहे, तिथे २०१४ या एका वर्षात १,२१५ गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले. नोटेवरचे स्थान प्राण्याला काही संरक्षण देत नाही.

आता आपल्याकडे पाहू. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ ची. तिच्या मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहोरेवरचा सिंह आणि ताडाचे झाड घेतले गेले, पण सिंहाऐवजी वाघ हा हिंदुस्थानचा अधिक खास प्राणी असे ठरले. उपगव्हर्नर जेम्स टेलर यांना पहिल्या रेखाटनातला वाघ कुत्र्यासारखा वाटला, म्हणून कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरचा वाघ नमुना म्हणून घेतला गेला. आपला राष्ट्रीय वाटणारा वाघ असा इंग्रज अधिकाऱ्याच्या पसंतीतून आला.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या चेहऱ्याच्या जागी आधी गांधीजींचे चित्र योजले होते, तशी रेखाटनेही झाली होती. शेवटी मात्र एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. पुढे दोन रुपयांवर वाघ आणि पाचवर हरणे आली. साठच्या दशकात हा दोन रुपयांचा वाघ खिशाखिशांत फिरत होता, तेव्हा खऱ्या वाघाची शिकार कायदेशीर होती. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ निघाले. ऐंशीच्या दशकापर्यंत दोन रुपयांवर वाघाऐवजी आर्यभट्ट उपग्रह आला होता.

गांधीजी १९६९ च्या जन्मशताब्दी नोटांवर सेवाग्रामच्या पार्श्वभूमीसह आले आणि १९९६ च्या मालिकेपासून नोटेचा कायमचा चेहरा झाले. प्राण्यांसाठी दहाच्या नोटेची पाठ उरली. तिथे गेंडा, हत्ती आणि वाघ एकत्र होते. २०१६ पासूनच्या मालिकेत तीही गेली. दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांची.

या बदलाकडे सौंदर्याच्या दृष्टीने पाहून भागणार नाही. वास्तूला प्रांत असतो, राजवंश असतो, धर्म असतो; कोणती घ्यायची आणि कोणती गाळायची, याचा हिशेब ठेवावा लागतो. प्राण्यांच्या बाबतीत असा हिशेब लागत नव्हता. आपला इतिहास कोणता, हे सांगण्याइतका आत्मविश्वास आज राज्यसंस्थेला वाटतो, असा या नोटांचा अर्थ आहे. तो आत्मविश्वास सर्वांच्या संमतीतून आला आहे का, हा प्रश्न वाघ मागच्या बाजूला होता तोवर विचारावा लागत नव्हता. आता विचारावा लागेल. वाघ अजून नोटेवर आहे, रिझर्व्ह बँकेच्या मुद्रेत, नखाएवढा. तो पाहायला नोट डोळ्यांजवळ धरावी लागते.