दगड मारणारे हात

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. तेव्हापासून या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले नाना फडणवीस इतिहासाला धरून आहेत का, नाटक एका जातीविरुद्ध आहे का, हे वाद तर फारच गाजले. मला मात्र पुन्हापुन्हा अस्वस्थ करतो तो नाटकाचा शेवट.

इतिहासातला घाशीराम १७९१ मध्ये पुण्यात जमावाच्या दगडांनी मेला. त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले होते आणि लोक खवळले होते. तेंडुलकरांनी याच्या आधी एक सौदा ठेवला आहे. चोरीचा आळ येऊन अपमानित झालेला घाशीराम आपली कोवळी मुलगी गौरी नानांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. पुढे गौरी मरते.

घाशीराम निरपराध नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बळीचा बकरा निर्दोषच असतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात खरोखरचा गुन्हेगारच त्या कामी अधिक सोयीचा ठरतो. त्याच्या माथी सगळ्यांचे पाप सहज मारता येते आणि त्याला हाणताना मनाला टोचणीही लागत नाही.

रंगमंचावरची ती माणसांची रांग आठवून पाहा. तीच भिंत होते, तीच कीर्तनात डोलते, अत्याचार चालू असता तीच पाठ फिरवते आणि शेवटी तीच दगड उचलते. जमाव कोठून बाहेरून आलेला नाही. कोतवाल नेमणारे नानाही नामानिराळे राहतात आणि उत्सव जाहीर करतात.

सर्वांत भेदक गोष्ट पुढेच आहे. जमावाच्या आरोपांत गौरीचे नाव नाही. तिच्या मरणाबद्दल शिक्षा मागतो तो एकटा घाशीराम, तीही स्वतःसाठी. म्हणजे मूळ पापाची आठवण फक्त मरणाऱ्याला आहे, मारणाऱ्यांना नाही. माझी एक तक्रार मात्र आहे. नाटकही गौरीला फारसे बोलू देत नाही. सौद्यातली वस्तू एवढीच तिची ओळख उरते.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. नोकरीच्या आरंभी मी ज्या शाळेत होतो, तेथील मुख्याध्यापक फार कडक होते, हिशेबातही त्यांची चूक सापडली होती. त्यांना जावे लागले त्या दिवशी मुलांनी त्यांच्यामागे खडे फेकले. ज्या हिशेबांवर सही करताना आम्हांपैकी कोणी कधी तोंड उघडले नव्हते, तेच आम्ही शिक्षक व्हरांड्यात उभे होतो. एकजण हसला. मी हसलो नाही, पण मुलांना थांबवलेही नाही.

आज तशाच खुर्चीत मी बसतो. वर्गात एखाद्या व्रात्य मुलाला सगळे मिळून धरतात, तेव्हा त्याचा अपराध मी विचारतोच, पण आधी उरलेल्यांचे हात उघडून पाहतो.