मुलांची उंची आणि बालकर्करोग : एका निष्कर्षाच्या मर्यादा

उंच मुलांना कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे विधान आरोग्यविषयक लेखनात अनेकदा सरसकट केले जाते. ते निराधार नाही. मात्र मूळ पुराव्यापेक्षा त्याचा आवाका फार मोठा आहे.

१९६७ मध्ये जोसेफ फ्रॉमेनी यांना हाडांचा कर्करोग झालेली मुले इतर कर्करोगांच्या बालरुग्णांपेक्षा उंच आढळली. २०११ मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली असता अस्थिकर्करोगाबाबत हाच कल दिसला. यामागील तर्क समजण्याजोगा आहे. हा रोग बहुधा गुडघ्याभोवती, पौगंडावस्थेत, म्हणजे हाडे सर्वाधिक वेगाने वाढतात तेथे आणि तेव्हा उद्भवतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांतही तो अधिक आढळतो, हे येथे सूचक ठरावे. परंतु त्याचे प्रमाण दहा लाख मुलांमागे वर्षाला जेमतेम चार-पाच आहे. बालकर्करोगांपैकी सुमारे एक तृतीयांश असलेला रक्ताचा कर्करोग बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात होतो; त्याला हा तर्क लावता येत नाही.

शिवाय 'उंच' म्हणजे कोणाच्या तुलनेत? येरवड्यातील झोपडवस्ती आणि शेजारचे कल्याणीनगर येथील मुलांना एकच फूटपट्टी लावली जाते. वामन व अनुराधा खाडिलकर या पुण्यातील संशोधकांचा मोठा वाटा असलेले भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढतक्ते चौदा शहरांतील वरच्या व मध्यम आर्थिक स्तरांतील मुलांवर आधारलेले आहेत. वाढ कशी व्हावी, हे सांगण्यास ते योग्यच आहेत. मात्र वस्तीतील मुलाचे ठेंगणेपण बहुधा कुपोषणाची खूण असते. त्याला कर्करोगापासूनचे संरक्षण मानणे हा क्रूर विनोद ठरेल. अशा मुलाच्या गुडघ्याची न उतरणारी सूज 'खेळताना लागले असेल' म्हणून दुर्लक्षिली गेली, तर निदानाचे मोलाचे महिने निघून जातात. कुपोषित रुग्णाला तीव्र औषधोपचारही अधिक जड जातो.

या संबंधाची उलट बाजू मात्र क्वचितच चर्चिली जाते. मेंदूला दिलेल्या किरणोत्सर्गाने वाढसंप्रेरक कमी पडते आणि बऱ्या झालेल्या मुलाची उंची खुंटते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्ये उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तो अशाच दूरगामी परिणामांवर लक्ष ठेवण्यासाठी. उपचारापूर्वीची उंची नोंदलेलीच नसेल, तर आजाराने व उपचाराने त्यातली किती हिरावली, हे तेथेही नेमके सांगता येत नाही.